फळातला गर आणि लोण्यातले आम्ल

पेरूच्या फोडी शिजवून गाळलेल्या पाण्यात साखर घालून आटवीत बसले म्हणजे, पळीवरून धारेने ओघळणारा पाक ज्या द्रव्याच्या योगे थरथरत्या जेलीत गोठतो, त्यास पेक्टिन हे नाव नान्सी येथील रसायनज्ञ आंरी ब्राकोनो याने 1825 साली गोठणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून दिले. त्याच सुमारास शेव्रल हा फ्रेंच पंडित स्निग्ध पदार्थांचे पृथक्करण करीत होता, आणि खवट लोण्याला तो नकोसा दर्प आणणारे ब्युटिरिक आम्ल त्याच्या दप्तरी जमा झाले. परंतु या दोन द्रव्यांची गाठ मनुष्याच्या मोठ्या आतड्यात नित्य पडते, याची वार्ता उभयतांस नव्हती.

पुढे पेक्टिन ज्यात मोडते त्या अन्नातील चोथ्याला फारसे कोणी पुसले नाही. युगांडात अनेक वर्षे शस्त्रवैद्य असलेल्या डेनिस बर्किट याने 1971 साली, चोथायुक्त अन्नाच्या आफ्रिकी मुलुखात आतड्याचा कर्करोग विरळा असल्याचा दाखला मांडला खरा, पण माझ्या मते मलाच्या जलद निचऱ्यावर त्याने जरा अधिकच भिस्त ठेवली. खरी मौज आतड्यातील जंतूंच्या भट्टीत होती. जंतू पेक्टिन आंबवितात, त्यातून तेच ब्युटिरिक आम्ल ब्युटिरेटच्या रूपाने निपजते; आणि आतड्याच्या निरोगी पेशी ते इंधन म्हणून जाळतात, हे 1980 च्या सुमारास रोडिगर या संशोधकाच्या प्रयोगांनी दिसले. साखरेवर पोसणारी कर्कपेशी मात्र ते पुरते जाळीत नाही. साचलेले ब्युटिरेट तिच्या केंद्रकात शिरून जनुकांची उघडझाप करणाऱ्या एका विकरास अडविते, आणि निदान प्रयोगशाळेच्या बशीत तरी तिची वाढ खुंटते.