फ्रिजमधला गोळा आणि कच्चा मैदा

अमेरिकेतल्या कुठल्याही सुपरमार्केटात दूध-लोण्याच्या थंड कपाटाशेजारी प्लॅस्टिकच्या नळकांड्यात भरलेलं कुकीचं तयार पीठ मिळतं. घरी आणायचं, सुरीने चकत्या कापायच्या, ओव्हनमध्ये सारायच्या, दहा-बारा मिनिटांत घरभर खमंग वास! मोजमाप नाही, मळणं नाही, चिकट भांडी घासणं नाही. तिकडे राहून आलेल्या बऱ्याच मंडळींनी हा उद्योग केलेला असेल. पण या आयत्या गोळ्यामागे जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास आहे. आणि २००९ मध्ये त्यात एक असा बग निघाला, की ज्याचं मूळ इतकी वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोरच होतं.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. 'कुकी' हा शब्द अमेरिकेत डच लोकांबरोबर आला, न्यूयॉर्कचं नाव न्यू अॅमस्टरडॅम होतं तेव्हाचा. आपण ज्याला बिस्किट म्हणतो ते इंग्रजांचं. अमेरिकेत बिस्किट म्हटलं की मऊ, फुगलेला, पावासारखा प्रकार समोर येतो. हा फरक पुढे लागणार आहे.

विजेचे फ्रिज येण्याआधी अमेरिकन घरांत 'आइसबॉक्स' असायचा. लाकडी कपाट, आत बर्फाची लादी. हा बर्फ हिवाळ्यात तळ्यांवरून कापून काढत. फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या बॉस्टनच्या व्यापाऱ्याने १८३३ मध्ये तो जहाजात भरून थेट कलकत्त्याला पाठवला होता! पुढे १९२७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकचा 'मॉनिटर टॉप' फ्रिज आला आणि थंडावा स्वयंपाकघरात कायमचा राहायला आला. त्याच सुमाराला 'आइसबॉक्स कुकी'ची पद्धत घरोघरी पसरली. पिठाची लांब वळकटी करायची, गार करून ठेवायची, पाहुणे आले की हव्या तेवढ्या चकत्या कापून भाजायच्या. म्हणजे मूळ कल्पना गृहिणींची. कंपन्यांनी नंतर फक्त तिचं पॅकेजिंग केलं.

पॅकेजिंगची पहिली मोठी उडी मात्र कुकीची नव्हे, बिस्किटाची (अमेरिकन अर्थाने). केंटकी राज्यातल्या लुईव्हिलच्या लाइव्हली विलोबी या बेकरीवाल्याला १९३१ मध्ये फ्रिजमध्ये टिकणाऱ्या बिस्किटाच्या पिठाचं पेटंट मिळालं. पीठ डब्यात फुगून दाब तयार करतं, त्यामुळे प्रयोगाच्या काळात डबे फुटून पीठ छताला चिकटायचं, अशी गोष्ट सांगतात. लुईव्हिलच्याच बॅलर्ड अँड बॅलर्ड कंपनीने हा माल बाजारात आणला, १९५१ मध्ये पिल्सबरीने बॅलर्ड विकत घेतली आणि त्याच दशकात कुकीचं पीठही थंड कपाटात पोचलं. १९६५ मध्ये जाहिरातीत डबा फोडून बाहेर येणारा तो गुबगुबीत पिठाचा बाहुला आला. पोटात बोट खुपसलं की खिदळणारा. तोच!

बरं, गार केल्याने नेमकं होतं काय? लोणी घट्ट असलं की ओव्हनमध्ये ते उशिरा वितळतं, तोवर कडा धरतात आणि कुकी पसरून सपाट होत नाही. शिवाय मैद्याला पाणी शोषायला वेळ मिळतो, चव खोलवर उतरते. चॉकलेट चिप कुकीची जन्मदात्री रूथ वेकफील्ड (मॅसॅच्युसेट्समधल्या टोल हाउस इनची मालकीण, पाककृती १९३८ च्या पुस्तकात) आपलं पीठ रात्रभर गार करायची. पाकिटावर छापलेल्या पाककृतीतून ही पायरी गळली. स्पेसिफिकेशनमधून ओळ गळली की जे होतं तेच झालं :-)

आता मुद्द्याचं. हा गोळा लोक भाजायच्या आधीच खात. चमच्याने. कच्चाच. बेन अँड जेरीजने तर १९९१ मध्ये कुकीच्या पिठाचे गोळे घातलेलं आइसक्रीम डब्यातून विकायला काढलं आणि ते तुफान चाललं. घरात आई एवढंच बजावायची, 'कच्चं अंडं आहे त्यात, खाऊ नकोस.' धोका म्हणजे अंडं आणि साल्मोनेला, हे समीकरण पक्कं.

२००९ मध्ये ३० राज्यांत ७७ माणसं ई. कोलाय ओ१५७ या जंतूने आजारी पडली. ३५ जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं, काहींची मूत्रपिंडं निकामी झाली. या जंतूचे नेहमीचे संशयित म्हणजे गोमांसाचा खिमा आणि पालेभाज्या. कुकीचं पीठ कुणाच्या यादीतच नव्हतं. रुग्णांशी मोकळेपणाने बोलल्यावर धागा लागला. तपासात विचारलेल्या ३५ रुग्णांपैकी ३३ जणांनी नेस्लेचं टोल हाउस पीठ किंवा तसलं तयार पीठ कच्चं खाल्लं होतं. ३६ लाख पाकिटं परत मागवली गेली.

मग एकेक घटक तपासला. अंडी पाश्चराइज केलेली. साखर, चॉकलेट यांवरही प्रक्रिया झालेली. उरला मैदा. गहू शेतात उघड्यावर वाढतो, गिरणीत दळला जातो, पण जंतू मरतील अशी उष्णता त्याला कुठेच मिळत नाही. ठोस पुरावा त्या वेळी हाती आला नाही, संशय मात्र मैद्यावर राहिला. कंपनीने २०१० मध्ये उष्णतेची प्रक्रिया केलेला मैदा वापरायला घेतला. २०१६ मध्ये जनरल मिल्सच्या मैद्यामुळे २४ राज्यांत ६३ जण आजारी पडले, आणि त्या वेळी जंतू थेट मैद्यातच सापडले. शंका फिटली.

मला यात सगळ्यात लागतं ते हे, की पाकिटावर 'भाजूनच खा' असं आधीपासून लिहिलेलं होतं. लोक वाचत नव्हते आणि कंपन्यांनाही ते माहीत होतं. आपल्या धंद्यात याला 'युजर एरर' म्हणून फाइल बंद करतात. पण लाखो युजर एकच चूक करत असतील, तर ती चूक डिझाइनची. पिल्सबरीने २०२० मध्ये कच्चंही चालेल असं पीठ आणलं, तेव्हा हेच मान्य झालं असं मी समजतो.

आता घरच्यासाठी. पीठ ४ अंश सेल्सियसच्या खाली ठेवा. थंडीत हे जंतू वाढत नाहीत, पण मरतही नाहीत, त्यामुळे फ्रिज म्हणजे भट्टी नव्हे! भाजलेल्या कुकी पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, नाहीतर वाफ धरते. कुरकुरीत आणि मऊ एका डब्यात ठेवू नका, कुरकुरीत मऊ पडतात. आणि हो, पोळ्या करताना पोरं कणकेची गोळी तोंडात टाकतात ना, तेही पीठ कच्चंच असतं. अंडं नसलं म्हणून काय झालं?