जमीन, जामीन आणि माणूस

ज्याच्या नावावर जमीन त्यालाच जामीन, असा आपल्याकडचा रोकडा व्यवहार आहे. आरोप सिद्ध होण्यापूर्वी माणूस घरी जाणार की कोठडीत सडणार, हे त्याच्या ऐपतीवर ठरते. राज्यघटनेला या व्यवहारास लगाम घालता येतो काय? या प्रश्नाचा इतिहास मला येथे मांडायचा आहे. १९७२ साली दलित पँथरने ज्यांच्या चळवळीवरून आपले नाव घेतले, त्या अमेरिकेतील काळ्या माणसांशी तो जोडलेला आहे.

१६७९ साली इंग्लंडमध्ये हेबियस कॉर्पसचा कायदा झाला आणि कैद्याला न्यायालयापुढे आणल्यावाचून डांबून ठेवणे अवघड झाले. तेव्हा राजाच्या मर्जीतल्या न्यायाधीशांनी पळवाट शोधली. जामीन नाकारायचा नाही, पण रक्कम अशी मागायची की ती भरताच येऊ नये! म्हणून १६८९ च्या ‘बिल ऑफ राइट्स’ने अवाजवी जामीन आणि अवाजवी दंड यांना मनाई केली. अमेरिकेने ते शब्द जवळजवळ जसेच्या तसे उचलले आणि १७९१ साली आपल्या आठव्या घटनादुरुस्तीत घातले.

त्या वेळी त्याच देशात काळा माणूस बाजारात विकला जात होता. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तमजुरी घेण्याचा अपवाद तेराव्या दुरुस्तीने शिल्लक ठेवला. त्याच साली मिसिसिपी राज्याने भटकेपणाविरुद्ध कायदा केला. कामधंदा नसलेल्या मुक्त काळ्या माणसाला ५० डॉलरपर्यंत दंड. पाच दिवसांत तो न भरल्यास, जो कोणी दंड भरील त्याच्याकडे शेरीफने त्याला मजुरीला लावायचे. कालचा गुलाम दंडाच्या पावतीवर पुन्हा मालकाच्या दारात उभा राहिला.

आठवी दुरुस्ती तेव्हा कोठे होती? मूळ हक्कांच्या या दुरुस्त्या केवळ केंद्र सरकारला बांधतात, राज्यांना नाही, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १८३३ सालीच ठरवून टाकले होते. अवाजवी दंडाची मनाई राज्यांनाही लागू आहे, हा निकाल आला २०१९ साली, एका जप्त मोटारीच्या प्रकरणात. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी त्या निकालात काळ्यांविरुद्धच्या या जुन्या कायद्यांचा दाखला दिला. शब्द लिहिल्यापासून २२८ वर्षे गेली होती.

आपल्या घटनेत तर हे शब्दच नाहीत. अटकेची कारणे सांगणे, वकिलाचा सल्ला घेऊ देणे, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे, ही संरक्षणे देणारे आजचे कलम २२ बाबासाहेबांनी १५ सप्टेंबर १९४९ रोजी घटना समितीत मांडले. जामिनाची रक्कम अवाजवी नसावी, हे मात्र फौजदारी प्रक्रिया संहितेवर सोपवले गेले. संहितेतला शब्द गरिबाला किती पुरला? १९७८ साली मोतीराम नावाच्या गवंड्याकडे मध्य प्रदेशातील दंडाधिकाऱ्याने १०,००० रुपयांचा जामीन मागितला, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून भावाचा जामीन नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला १,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडवले. १९७९ साली हुसैनारा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांतील असे कच्चे कैदी उजेडात आले, की आरोपित गुन्ह्याच्या कमाल शिक्षेहूनही अधिक काळ ते आत होते. जलद खटला हा कलम २१ चाच भाग आहे, असे तेव्हा न्यायालयाने सांगितले.

तरीही २०२२ च्या अखेरीस देशातील ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते.

‘अवाजवी’ हा शब्द एकटा काहीच करीत नाही. अवाजवी कोणाच्या मानाने? सावकाराच्या की बिगाऱ्याच्या? आरोपीची रोजची कमाई किती, हे जामीन ठरण्यापूर्वी न्यायालयाच्या कागदावर यावे, आणि ऐपतीच्या दाखल्याऐवजी जातमुचलका मागितला जावा, एवढा आग्रह आपल्या कार्यकर्त्यांना आणि वकिलांना प्रत्येक तालुक्याच्या कोर्टात धरता येईल. काळ्या माणसाला जो शब्द २२८ वर्षे पुरला नाही, तो आपल्याला आपोआप पुरेल असे समजण्याचे काही कारण नाही.