साडेतीन कोटीला शून्यं किती? भास्कराचार्य, धानाची रास आणि दहाचा घात

आजचा भाग लाखांदूरहून. भंडारा जिल्ह्यातला आमचा तालुका, धानाचा मुलूख. नावातच ‘लाख’ ऐकू येतो, म्हणून आज मोठ्या आकड्यांबद्दल बोलूया.

गोष्ट सुरू झाली दिवाळीनंतर. माझी भाची सातवीत आहे. घातांकाचा धडा उघडून बसली होती आणि वहीत लिहिलं होतं : ३.६ गुणिले दहाचा सातवा घात बरोबर ३.६०००००००. म्हणजे दशांशचिन्हाच्या पुढे ३.६ ला सात शून्यं चिकटवलेली. उत्तरावर लाल फुली. मला म्हणाली, “मामा, मले गणित नाही जमत. माह्या डोक्यातच नाही ते.”

खरं सांगू? सातवीत मीही हेच लिहिलं होतं. दहाच्या डोक्यावर जेवढा अंक तेवढी शून्यं लावायची, असं पाठ केलेलं. ४ गुणिले दहाचा सहावा घात असेल तर हे चालतं, ४०,००,००० येतात. पण दशांशचिन्ह आलं की नियम तोंडावर आपटतो. आणि मुलांना वाटतं, आपलंच डोकं कमी.

तेव्हा खळ्यावर धानाची रास पडली होती. मी तिला म्हटलं, चल, आधी हे धान मोजू. आता इथून आपण थेट बाराव्या शतकात जातोय.

भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. ११५० साली, वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ लिहिला. ‘लीलावती’ हा त्याचाच गणिताचा भाग. त्यात धान्याच्या राशी मोजायचं एक अख्खं प्रकरण आहे. राशीचा परीघ मोजा. जाड्या धान्याच्या राशीची उंची परिघाच्या दहाव्या भागाइतकी धरा, बारीक धान्याची अकराव्या भागाइतकी आणि कुसळाच्या धान्याची नवव्या भागाइतकी. मग परिघाचा सहावा भाग घ्या, त्याचा वर्ग करा आणि उंचीने गुणा. झालं घनफळ! वर्तुळाचा परीघ व्यासाच्या तिप्पट धरलेला हा ढोबळ हिशेब आहे. पण खळ्यावर उभं राहून तोंडी करता येतो.

आम्ही राशीभोवती दोरी फिरवली. भरली अठरा हात. धान कुसळाचं, म्हणून उंची दोन हात. अठराचा सहावा भाग तीन, तिनाचा वर्ग नऊ, नऊ दुणे अठरा. अठरा घनहात! भास्कराचार्यांच्या कोष्टकात एक घनहात धान्य म्हणजे एक खारी.

पुढे पोती भरून तोललं तर जवळपास नऊ क्विंटल. आता दाणे किती? भाचीने हजार दाणे मोजले, किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवले. २५ ग्रॅम. म्हणजे किलोत ४० हजार दाणे, क्विंटलमध्ये ४० लाख, नऊ क्विंटलमध्ये ३ कोटी ६० लाख.

मी विचारलं, “बोलताना कसं म्हणशील?”

“तीन पूर्णांक सहा कोटी.”

“आणि कोटी म्हणजे एकावर किती शून्यं?”

“सात.” मग थांबली. वहीकडे पाहिलं. “म्हणजे दहाचा सातवा घात हे कोटीचंच नाव आहे का?”

हो! मंडळी, आजच्या भागाचं सार एवढंच. ‘लीलावती’त दहाच्या अठरा स्थानांची नावं दिली आहेत. एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी असं चढत अब्ज, खर्व, निखर्व, अगदी परार्धापर्यंत. एकाला शून्यावी पायरी म्हणा. मग लक्ष पाचवी, कोटी सातवी, परार्ध सतरावी. दहाच्या डोक्यावरचा अंक म्हणजे पायरीचा नंबर. तो ‘किती शून्यं चिकटवायची’ हे सांगत नाही, दशांशचिन्ह किती घरं उजवीकडे सरकवायचं ते सांगतो. ३.६ मध्ये एक घर सहाने खाल्लं, म्हणून शून्यं उरली सहा : ३,६०,००,०००.

आपण दीड लाख, पावणेदोन कोटी असं रोज बोलतो. दीड लाखात कुणी दीडपुढे पाच शून्यं लावत नाही! पुढे लहान आकडा, मागे पायरी. वैज्ञानिक पद्धतही तीच, फक्त पुढचा आकडा एक किंवा त्याहून मोठा, पण दहापेक्षा लहान हवा. म्हणून ३६ गुणिले दहाचा सहावा घात ही किंमत बरोबर, पण मांडणी नाही.

मग नावंच का नको? एक तर ती संपतात. पृथ्वीचं वस्तुमान सुमारे ६ गुणिले दहाचा चोविसावा घात किलो, परार्धाच्या पार पुढे. दुसरं, नावं सरकतात. भास्कराचार्यांचा खर्व म्हणजे दहाचा दहावा घात, तर आजच्या हिंदीतला खरब अकरावा. ब्रिटनमध्ये बिलियन म्हणजे पूर्वी दहाचा बारावा घात होता, १९७४ मध्ये सरकारने नववा धरला. आकडा मात्र हलत नाही. तो डोक्यावर लहान अक्षरात लिहायची आजची पद्धत फ्रान्सच्या देकार्तने १६३७ च्या आपल्या भूमितीच्या पुस्तकात वापरली आणि ती रुजली.

चाळीसगावजवळच्या पाटण्याला १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला, त्याची ती नोंद. म्हणजे हे गणित पोरांना समजावं कसं, ही काळजी आठशे वर्षं जुनी आहे.

भाचीने ते गणित पुन्हा सोडवलं. खाली स्वतःच एक ओळ लिहिली : आमच्या खळ्यावर ३.६ गुणिले दहाचा सातवा घात इतके दाणे आहेत. मग म्हणाली, “मामा, आता तांदूळ झाल्यावर मोजू.”

तुमच्या घरी कुणी सातवी-आठवीत असेल, तर आज त्यांना फक्त एवढं विचारा : साडेतीन कोटीला शून्यं किती? भेटू पुढच्या भागात!