गणवेशातली अरबी आणि कॉलेजचे श्रेयांक

आजचा विषय जरा आडवाटेचा आहे. एखादा माणूस कॉलेजात पाऊल न टाकता अरबी शिकला, मग ती सैन्यात असो, कैरोत राहून असो की घरी आजीकडून असो, तर विद्यापीठाने ती पदवीत धरावी का? आणि धरायची तर मोजायची कशी? अमेरिकेत हा प्रश्न सैनिकांमुळे ऐरणीवर आला.

पहिल्या महायुद्धानंतर तिथल्या कितीतरी कॉलेजांनी परतलेल्या जवानांना सरसकट श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, वाटले. काय शिकलास, हे फारसं कुणी विचारलं नाही. गणवेश घातला होता, एवढं पुरे. भावना चांगली होती, पण ज्याला खरंच काही येत होतं त्याचं मोल त्यात बुडालं. बक्षीस आणि गुण या दोन गोष्टी वेगळ्या असतात. फौजेत आम्ही पदक एका कागदावर लिहितो आणि कोर्सचा शेरा दुसऱ्यावर.

दुसऱ्या महायुद्धात लोक सावध होते. डिसेंबर १९४२ मध्ये अमेरिकी लष्कराने निवडक जवानांना विद्यापीठांत धाडायची योजना जाहीर केली. प्रिन्स्टनला लेबनॉनमध्ये जन्मलेले इतिहासकार फिलिप हिट्टी यांच्या देखरेखीखाली जवान अरबी गिरवू लागले. १९४४ च्या सुरुवातीला पायदळाला माणसं कमी पडली आणि योजनेला कात्री लागली. अर्धा अभ्यासक्रम झालेली मुलं वह्या मिटून आघाडीकडे गेली. आता या अर्ध्या अरबीची किंमत काय?

१९४५ मध्ये अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनने यासाठी एक आयोगच नेमला. पद्धत साधी होती. जाणकार प्राध्यापक लष्करी कोर्सचा अभ्यासक्रम, तास आणि परीक्षा तपासत आणि किती श्रेयांक द्यावेत याची शिफारस करत. फक्त शिफारस, हुकूम नाही. मानायचं की नाही, हे प्रत्येक कॉलेजच्या हातात. आजही तसंच आहे. त्यामुळे तोच दाखला एका कॉलेजात चालतो, शेजारच्या कॉलेजात चालत नाही.

लष्कराची स्वतःची भाषाशाळा नोव्हेंबर १९४१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत, विमानांच्या एका जुन्या हँगरमध्ये, साठ विद्यार्थ्यांना जपानी शिकवत सुरू झाली. १९४६ मध्ये ती माँटेरेला गेली, पुढे तिथे अरबीही आली. आज तिथला अरबीचा मूळ कोर्स ६४ आठवड्यांचा आहे, रोजचे तास आणि वर गृहपाठ. या शाळेला १९७९ मध्ये शैक्षणिक मान्यता मिळाली, पण स्वतःची पदवी देण्याचा अधिकार यायला डिसेंबर २००१ उजाडला. तोवर इथे सव्वा वर्ष घासलेल्या जवानाला पदवीसाठी दुसऱ्या कॉलेजचा दरवाजा ठोठवावा लागे.

खरी गंमत पुढे आहे. अरबी म्हणजे कोणती अरबी? पुस्तकातली, बातम्यांतली फुसहा वेगळी आणि कैरोच्या भाजीबाजारातली बोली वेगळी. घरी किंवा गल्लीत शिकलेला फाडफाड बोलतो, पण अग्रलेख समोर ठेवला की अडखळतो. माँटेरेच्या जवानाचं बरोबर उलटं. तिथे शून्य ते पाच अशी पातळी मोजतात. अनेक वर्षे उत्तीर्ण व्हायला वाचण्यात आणि ऐकण्यात दोन लागे, बोलण्यात मात्र एकच्या थोडं वर असलं तरी भागे. लष्कराला ऐकणारी माणसं हवी होती, गप्पा मारणारी नव्हे. अशा दोघांना एकाच तराजूत घालणं मला तरी पटत नाही. वाचन, श्रवण आणि संभाषण यांची परीक्षा वेगवेगळी घ्यावी आणि श्रेयांकही वेगवेगळे लावावेत.

मुलकी विद्यापीठांनीही वाट काढली. १९६७ मध्ये काही अमेरिकी विद्यापीठांनी मिळून कैरोत अरबीचं केंद्र उघडलं. विद्यार्थी तिथे फुसहा आणि इजिप्तची बोली दोन्ही शिकतात. केंद्रच विद्यापीठांचं असल्यामुळे, बाहेर शिकलेलं घरी दाखवताना होणारी झटापट बरीच कमी झाली.

आपल्याकडे दिल्लीत संरक्षण मंत्रालयाची परकीय भाषांची शाळा १९४८ पासून आहे, तिथे अरबीही शिकवतात. जून २०२२ मध्ये केंद्राने अग्निवीरांसाठी इग्नूच्या पदवीची योजना जाहीर केली. त्यात निम्मे श्रेयांक सेवेतल्या प्रशिक्षणाचे आहेत. उरलेले निम्मे निवडलेल्या विषयांचे, आणि त्या यादीत भाषाही आहेत.