खारे कर्जुन्याच्या माळावर

राजूरचा माणूस कोर्टकचेरीला नगरला जातो, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला. तिथून जवळच खारे कर्जुने हे गाव आहे. त्याच्याच नावावरून लष्कराच्या गोळाबारीच्या माळाला ‘के. के. रेंज’ म्हणतात.

२२ सप्टेंबर २०२० रोजी या माळावर ‘अर्जुन’ रणगाड्याच्या तोफेतून गोळा नव्हे, क्षेपणास्त्र सुटले. लक्ष्यावर लेसरचा किरण धरायचा आणि अस्त्राने त्याचा माग काढीत जायचे, अशी ही युक्ती. लक्ष्य ३ किलोमीटरवर होते. नेम बरोबर लागला.

हे काम १९५८ साली स्थापन झालेल्या संरक्षण संशोधन व विकास संघटनेचे. पुण्याच्या दोन प्रयोगशाळा, एक शस्त्रांची नि एक स्फोटकांची, आणि दृष्टियंत्रे करणारी देहरादूनची, अशा तिघी एकत्र राबल्या. चाचणी फसली तर तोटा सरकार सोसते. एकट्या कारखानदाराला ते परवडते थोडेच! पण कारखानदारही हवाच. या संघटनेने २०१३ साली हाती घेतलेली लांब पल्ल्याची तोफ बनवण्याचे कंत्राट मार्च २०२५ मध्ये पुण्याच्या भारत फोर्जला आणि टाटांना मिळाले.

माळाची गोष्ट मात्र एवढीच नाही, बरे का. त्याच २०२० साली, रेंज वाढणार या धास्तीने राहुरी-पारनेरचे शेतकरी आपल्या जमिनींसाठी उभे राहिले होते.