बारभाईंचे चित्र

मंडळी, लग्नघरात गोंधळ झाला की आपण सहज म्हणून जातो, "सगळा बारभाईंचा कारभार!" म्हणजे ज्याला त्याला हुकूम सोडायचा अधिकार आणि काम मात्र कुणाचेच होत नाही. इतकी बदनाम मंडळी होती तरी कोण?

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. राघोबादादा गादीवर बसले. तेव्हा नाना फडणीस, सखारामबापू बोकील, हरिपंत फडके, त्रिंबकराव पेठे अशी कारभारी मंडळी एकत्र आली. गरोदर गंगाबाईंना त्यांनी पुरंदरावर सुरक्षित ठेवले. १८ एप्रिल १७७४ ला मुलगा झाला आणि चाळिसाव्या दिवशी त्याला पेशवाईची वस्त्रे मिळाली. हेच सवाई माधवराव. इंग्रज राघोबादादांच्या बाजूने उतरले, पण १७७९ ला वडगावात त्यांना हार खावी लागली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात राघोबादादांना सोडून द्यावे लागले. आपसात भांडणे झाली, सखारामबापू तर नानांच्याच कैदेत गेले. पण ज्यासाठी जमले होते ते काम झाले! तरी भाषेत उरला तो गोंधळ.

बदनामांचे नशीबही सारखे नसते. त्याच शतकात, १७३५ च्या सुमारास, डब्लिनच्या 'हेलफायर क्लब'चे चित्र जेम्स वर्सडेलने रंगवले. दारूबाजीसाठी कुप्रसिद्ध असलेले हे उमराव त्यात टेबलाभोवती नीटनेटके बसले आहेत. आज ते आयर्लंडच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. बारभाईंचे असे एकत्र चित्र माझ्या तरी पाहण्यात नाही.

त्यातल्या त्यात जवळचे चित्र आहे ते पेशव्यांच्या दरबाराचे. गणपती रंगमहालात सोळा वर्षांचे सवाई माधवराव बसले आहेत, जवळ नाना, आणि इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट टिपूविरुद्धचा १७९० चा तह सादर करतो आहे. थॉमस डॅनियलने ते १८०५ साली पूर्ण केले. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने पुण्यात केलेल्या रेखाटनांचा त्याला आधार होता. गंमत अशी, की त्या दरबारात दोघांपैकी कोणीच हजर नव्हते. वेल्स मुंबईत उतरला तोच १७९१ साली, आणि १७९५ मध्ये वारलाही.

आता सालांकडे पुन्हा बघा. १८०५ पर्यंत सवाई माधवरावांना जाऊन दहा वर्षे झाली होती आणि नानांना पाच. १८०२ च्या वसईच्या तहाने पेशवाई इंग्रजांच्या दावणीला बांधली गेली होती. २३ सप्टेंबर १८०३ ला आपल्याच जालना जिल्ह्यातल्या असईला शिंद्यांची फौज हरली होती. म्हणजे चित्रात दोस्तीचा तह, आणि ते रंगवून होईपर्यंत दोस्तांच्या तोफा आमच्या रानात वाजून गेलेल्या! पुढे १८२८ च्या आगीत तो महालही जळाला.

मंडळी, चित्र खोटे आहे असे मी म्हणत नाही. तह झाला होता, माणसेही खरी. पण चित्र जिंकणाऱ्याने करवून घेतले आणि हरणाऱ्यांच्या वाट्याला एक वाक्प्रचार आला, तोही आपणच चालवला.

ते चित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहे. तिकडे असलेल्या नातवंडांना कधी बघायला मिळाले, तर आधी नाना शोधा. आणि पुढच्या लग्नात 'बारभाई' म्हणताना जरा जपून!