पंखावरची ओढ आणि पंखाखालचा रेटा

वादळात घरावरचे पत्रे उडाले की आपण म्हणतो, "खालून वारा शिरला." ते खोटं नाही. पण पाठीवरून सुसाट जाणारा वारा त्या पत्र्याला वर ओढीतही असतो, बरं का! मग रेटा किती नि ओढ किती? विमानाच्या पंखासाठी हा हिशेब मांडणाऱ्यांत गुस्ताव आयफेल पुढे होता. होय, पॅरिसच्या मनोऱ्याचा तोच आयफेल.

मनोरा १८८९ साली उभा राहिला. पुढे त्याच्या दुसऱ्या मजल्यावरून, ११५ मीटर उंचीवरून, निरनिराळ्या आकारांचे तुकडे खाली सोडून आयफेल हवेचा अडथळा मोजू लागला. १९०९ मध्ये, पंचाहत्तरी उलटल्यावर, त्यानं मनोऱ्याच्या पायथ्याशी वाऱ्याचा बोगदाच बांधला.

पंखाचा नमुना तराजूला जोडला की एकूण उचल आणि एकूण अडथळा कळतो. कोणाचा वाटा किती, ते कळत नाही. म्हणून नमुन्याला वरखाली बारीक भोकं पाडायची, त्यांना नळ्या जोडायच्या आणि जागोजागचा दाब मोजायचा. दाब पृष्ठावर नेहमी काटकोनात पडतो. पंख बाकदार, त्यामुळे दर भोकापाशी दिशा निराळी. तिचा उभा भाग उचलीच्या खाती मांडायचा, वाऱ्याच्या दिशेचा अडथळ्याच्या खाती, मग बेरीज. तेव्हा दिसलं, की खालच्या रेट्यापेक्षा वरची ओढच बहुधा मोठी!

अडथळ्याची अशी बेरीज मात्र तराजूपेक्षा कमी भरते. उरलेला वाटा घर्षणाचा. घर्षण पृष्ठाच्या अंगानं घासत जातं, भोकांना ते कळत नाही.

ही वाटणी नुसती वहीतली नव्हे. गोळ्याचंच पाहा. आयफेलनं मोजलेला त्याच्या अडथळ्याचा गुणांक जर्मनीतल्या ग्योटिंगेनच्या आकड्याच्या निम्म्याहून कमी निघाला. आयफेलच्या हिशेबातच चूक असेल, अशी शंका तिकडून आली. पण १९१२ साली त्यानं दाखवलं, की वेग एका मर्यादेपलीकडे गेला की गुणांक एकदम उतरतो.

कारण उलगडलं ग्योटिंगेनच्याच लुडविग प्रांटलनं. १९१४ साली त्यानं गुळगुळीत गोळ्याच्या फुगवट्याअलीकडे बारीक तारेचं कडं बसवलं. कोणीही म्हणेल, अडथळा वाढणार, तो घटला! गोळ्याचा अडथळा बहुतेक सगळा दाबाचा, घर्षणाचा वाटा अगदी थोडा. तारेमुळे गोळ्यालगतची हवा घुसळली, त्याच्या पाठीला अधिक दूरवर बिलगून राहिली, आणि मागे खेचणारी ओढ कमी झाली. आयफेलच्या वेगवान वाऱ्यात तेच तारेवाचून घडत होतं. दोघांचेही आकडे बरोबर होते.